मोठ्या खंडानंतर पुन्हा सायकलिंग : दम लवकर परततो, गुडघ्यांना वेळ द्या

सायकल सर्व्हिसिंगला टाका आणि टायरच्या कडांना चिरा पडल्या असतील तर टायर बदला. आजारपणामुळे खंड पडला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्ट्रावावरचे (राइडची नोंद ठेवणारं ॲप) जुने विक्रम सध्या बघूच नका.

पहिले दोन आठवडे दिवसाआड अर्धा-पाऊण तास, सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये चालवा. बूड दुखेल, पण सवय झाली की थांबेल. त्यासाठी सीटवर जेलचं कव्हर चढवू नका, पॅडवाली शॉर्ट घ्या.

खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. मलाही दर वेळी हाच टप्पा जड गेला आहे, आणि याबद्दलच सर्वांत वाईट सल्ले मिळतात.

व्यायाम थांबला की थोड्याच दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं, त्यामुळे साध्या पुलाच्या चढालाही धाप लागते. सायकल पुन्हा सुरू केली की हा प्लाझ्मा आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो. दम परतल्यासारखा वाटतो आणि माणूस हुरळतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचं, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्ट्याचं, मात्र तसं नसतं. त्याला रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे तो बळकट व्हायला महिने लागतात. नेमक्या याच वेळी ग्रुपवर मेसेज येतो, 'रविवारी बोपदेव घाट, येतोस ना?' पुण्याजवळच्या या घाटात इतक्यात जाऊ नका. मित्र नाराज झाले तरी चालतील.

आठव्या आठवड्यापर्यंत माझा नियम एकच : चालवताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी करा. पेडल मिनिटाला ८० ते ९० फेरे फिरलं पाहिजे. 'मोठ्या गिअरवर चालव, मांड्या लवकर तयार होतात' हा सल्ला साफ चुकीचा आहे. जड गिअर रेटताना प्रत्येक फेऱ्याचा ताण गुडघ्यावर येतो.

सीटची उंची नव्याने तपासा, कारण खंडात शरीराचा लवचिकपणा कमी झालेला असतो. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो, मागून दुखत असेल तर सीट वर असते. बदल एका वेळी ३-४ मिमीच करा आणि दोन-तीन राइड थांबून बघा.

'दुखणं सवयीने जाईल' हे सगळ्याच दुखण्याला लागू नाही. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील आणि दोन-तीन दिवसांत मोकळ्या होत असतील तर काळजी नको. एकाच गुडघ्यात, एकाच जागी, जिना उतरताना कळ येत असेल तर त्या आठवड्यात सायकल बंद. तरीही कळ राहिली तर फिजिओथेरपिस्टकडे जा, यूट्यूबवर इलाज शोधत बसू नका.

तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणा. हा चौथा आठवडा कोणालाच आवडत नाही, पण मिळालेली ताकद शरीर त्याच विश्रांतीत पक्की करतं.

आठव्या आठवड्यानंतर घाट, आठवड्यातून एकदाच : आधी कात्रजचा जुना घाट, मग बोपदेव, सिंहगड सगळ्यांत शेवटी.

पुढे २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची असेल तर तिला १३ तास ३० मिनिटं मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमीपेक्षाही कमी सरासरी पुरते. तिथे वेगापेक्षा सीटवर काढलेले तास कामी येतात. १०० किमी करून दुसऱ्या दिवशी गुडघा न दुखता जिना उतरता आला, की नाव नोंदवा.