निधी आहे, जागा दाखवा: कोकणात सांडपाण्याचे प्रस्ताव करताना

सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींसाठी सांडपाणी आणि मैला व्यवस्थापनाचे प्रस्ताव तयार करून देणं हे माझं काम. सुरुवात पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रात कंत्राटी समूह समन्वयक म्हणून झाली, आता स्वतंत्रपणे करते. पर्यावरणशास्त्र, स्थापत्य किंवा समाजकार्य शिकून या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, निधी कुठून मिळतो?" या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. निधी असतो. मार्च जवळ आला की तो खर्ची टाका म्हणून तालुक्याहून फोन येतात. नसते ती जागा, आणि बांधून झालेलं चालवणारा माणूस.

तरी आधी पैशाचंच सांगते, म्हणजे तो विषय संपेल. सिंधुदुर्ग २०१६ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, राज्यातला पहिला जिल्हा. त्या टप्प्यात पैसा संडास बांधायला होता. २०२० मध्ये स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा दोन आला आणि लक्ष संडासाच्या पुढे काय होतं तिकडे वळलं. दर माणशी ठरले. गावाची लोकसंख्या ५,००० पर्यंत असेल तर सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि घनकचऱ्यासाठी ६०. त्याहून मोठ्या गावाला सांडपाण्यासाठी ६६० आणि घनकचऱ्यासाठी ४५. यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. म्हणजे १,८०० वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी ५,०४,००० रुपये धरता येतात. त्यातले ३,५२,८०० मिशनकडून आणि १,५१,२०० ग्रामपंचायतीचे. हा हिशोब कागदावर स्वतः करून बघा. सरपंचांसमोर आकडा तोंडपाठ असला की पुढचं बोलणं सोपं जातं.

ग्रामपंचायतीचा वाटा येतो वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चता येणाऱ्या निधीतून. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी बंधित ठेवला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. महाराष्ट्रात एकूण निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के अशी वाटणी झाली. इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. काम ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात नसेल आणि तो आराखडा पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेला नसेल, तर खात्यात पैसे पडून असले तरी त्या कामावर एक रुपया टाकता येत नाही. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. डिसेंबरात उत्तम कल्पना घेऊन येणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते, नाहीतर सुधारित आराखड्यासाठी ग्रामसेवकाच्या मागे लागावं लागतं. आयोग बदलला की टक्के बदलतात, आराखड्याचा नियम तोच राहतो.

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी अशा शहरांचा रस्ता वेगळा. एक लाखाखालच्या शहरांना वापरलेल्या पाण्यासाठी स्वच्छ भारत मिशन (नागरी) २.० मधून पैसा येतो, प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांमार्फत जातो आणि अहवाल बहुतेकदा सल्लागार कंपनी करते. नवख्याला तिथे नोकरी लागते, पण शिकायला गावातच मिळतं असं माझं मत आहे.

आता जागेकडे. शासनाचा नमुना प्रकल्प घाटावरच्या गावासारख्या वस्तीसाठी आखलेला असतो. एकत्र गावठाण, दोन्ही बाजूंना गटारं, गावाच्या खालच्या अंगाला गायरान आणि तिथे सांडपाणी साठवून निवळू देणारं स्थिरीकरण तळं. आमच्याकडे गाव म्हणजे वेगवेगळ्या उतारांवर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या, मधे व्हाळ म्हणजे ओढे, मळे आणि सडा म्हणजे कातळाचं पठार. सगळ्या वाड्यांचं पाणी एका ठिकाणी आणायचं म्हटलं तर नळातच निधी संपतो. गायरान घाटाच्या मानाने फारच कमी. म्हणून कोणा खासगी मालकाची दोन-तीन गुंठे जागा मिळवायची, आणि मग सातबारा उघडायचा.

कोकणातला सातबारा ज्याने वाचलेला नाही त्याने या कामाचा खर्च आणि वेळ सांगूच नये. एका लहानशा क्षेत्रावर पंचवीस-तीस नावं. त्यातली काही वारलेली, वारसनोंद झालेली नाही. काही मुंबईत, परळहून विरारला गेलेली, एखादं बडोद्याला. इतर अधिकारात कुळाचं नाव. देवगड तालुक्यातल्या एका गावात जमीन द्यायला कसणारे काका आनंदाने तयार होते. "माझ्या बापाशीची जमीन, घेवा" म्हणाले. पण त्यांच्या एकट्याच्या संमतीवर तांत्रिक मान्यतेची फाइल पुढे जात नव्हती. सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं किंवा ग्रामपंचायतीच्या नावे नोंदलेलं बक्षीसपत्र लागतं.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे चाकरमान्यांचं वेळापत्रक. गणपतीत सगळे घरी असतात, शिमग्यात बरेचसे, मे महिन्यात उरलेले. संमतीपत्राचे मसुदे श्रावणातच छापून ठेवावेत, वंशावळ गावातल्या जाणत्या माणसाकडून समजून घ्यावी आणि गणपतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरोघर जावं. पहिल्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी कोणी कागद बघत नाही. विसर्जनानंतरही नको, तोवर निम्मे गाडीत बसलेले असतात. जाताना ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य त्याच वाडीतला सोबत हवा. भावकीत जुना वाद असेल तर ती जागा सोडून द्या. चांगल्या उताराची, व्हाळाजवळची जमीन सोडताना जीव तुटतो, पण कोर्टात अडकलेल्या जमिनीवर सरकारी पैसा लावता येत नाही.

जागा मिळाली तरी तिथे काय बांधायचं हा प्रश्न राहतोच. सगळीकडे शोषखड्डा हे उत्तर तयार असतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून डास हटवले आणि ते काम राज्यभर गाजलं, ते योग्यच. पण तिथली जमीन वेगळी. आमच्याकडे एक तर जांभा, ज्यातून पाणी भेगाभेगांतून झपाट्याने खाली जातं आणि न गाळता शेजारच्या विहिरीत उतरतं. नाहीतर खाडीकाठची आणि मळ्यातली जमीन, जिथे जुलैत हातभर खणलं की पाणी लागतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आणि त्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या २ मीटर वर असावा असं आम्ही धरतो. जागा मार्चमध्ये मोजाल तर दोन्ही अटी पूर्ण दिसतील. एकदा ऑगस्टमध्ये जाऊन त्याच वाडीतल्या विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते बघा. मालवणजवळच्या एका वाडीत खड्ड्याची आखणी चालू असताना एक आजी उंबऱ्यावरून म्हणाल्या, "अगो, पावसात तुमचो खड्डो भरतलो, मगे पाणी खय जातला?" अंदाजपत्रकात याचं उत्तर नव्हतं. त्या वाडीत खड्डे रद्द करून मोरीचं पाणी माडाच्या आणि केळीच्या आळ्यात उथळ चरातून सोडायचं ठरलं, जे आजी आयुष्यभर करतच होत्या. चर, गाळणी आणि साबणाचा साका धरणारी छोटी टाकी एवढाच खर्च उरला.

असं घरगुती काम कागदावर लहान दिसतं, म्हणून कुणाला आवडत नाही. सरपंचांना उद्घाटनाचा फलक हवा असतो, कंत्राटदाराला काँक्रीट. पण कोकणातल्या विखुरलेल्या वाडीला घरगुती उपायच परवडतो, आणि सामुदायिक प्रकल्प फक्त बाजारपेठ, बंदर किंवा दाट भंडारवाडी-गाबितवाडीला लावावा, यावर मी ठाम आहे. तिथेही विजेवर चालणारं यंत्र घेऊ नका. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड किंवा साधी कर्दळ लावलेली पाणथळ वाफ्यांची पद्धत उतारावर विजेशिवाय चालते. पंप आला की वीजबिल आलं, आणि ते भरायला अनुदानात तरतूद नसते. माझ्या पाहण्यात बंद पडलेल्या प्रकल्पांपैकी बहुतेक बांधकामाने नव्हे, बिलाने बंद पडले.

प्रस्ताव वजनदार करायचा तर गावात आधीपासून असलेले कागद वापरा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने नेतो, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होऊन गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही तर चंदेरी. पिवळं कार्ड लपवण्याकडे गावाचा कल असतो. तुम्ही ते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लावा. पाण्यातली जंतूंची घाण दाखवणाऱ्या एचटूएस चाचणीच्या बाटलीतलं पाणी काळं पडल्याचा फोटो लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, १०० मिलीलिटरमध्ये ई-कोलाय एकही चालत नाही आणि नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. संडासाच्या टाकीपासून विहिरीचं अंतर आणि त्या विहिरीचा अहवाल असे दोन रकाने शेजारी ठेवले की पानभर वर्णनाची गरज राहत नाही.

पाण्याचं प्रमाणही मोजून लिहा. जलजीवन मिशनच्या नळयोजनेचे दिवसाला माणशी ५५ लिटर धरले तर त्यातलं सुमारे दोन तृतीयांश सांडपाणी होतं. १,८०० वस्तीला हे दिवसाला ६५ हजार लिटरच्या आसपास जातं. पर्यटनाच्या गावात मात्र हा आकडा खोटा ठरतो. तारकर्लीसारख्या ठिकाणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली माणसं जनगणनेत नसतात, त्यांचं पाणी मात्र त्याच जमिनीत मुरतं. घरगुती निवासांच्या खोल्या मोजा आणि हंगामाचा भार वेगळा दाखवा.

दुसऱ्याने केलेली घाण सार्वजनिक अनुदानातून साफ करायच्या फंदात पडू नका. काजू कारखान्याचं काळं पाणी, मे-जूनमध्ये आंबा प्रक्रियेचं आंबूस पाणी, कोळंबी सोलण्याच्या शेडचं पाणी, हे उद्योगाचं सांडपाणी आहे. त्याला १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि त्याची व्यवस्था मालकाने करायची असते. गावात हे बोलणं जड जातं, कारण मालक बहुधा गावचाच असतो आणि वाडीतल्या बायका तिथेच कामाला असतात. तरी प्रस्तावात त्या पाण्याचा हिशोब मिसळला तर तुमचे वाफे पहिल्याच हंगामात मरतात. जुन्या चिरेखाणींचंही बघा. पावसाचं पाणी साचलेल्या खाणीत कचरा आणि टँकरमधला मैला टाकायची सवय कुठे कुठे लागली आहे. मैला गाळासाठी मिशनमध्ये जिल्हा पातळीवर माणशी २३० रुपयांपर्यंत वेगळी तरतूद होती, ती ग्रामपंचायतीच्या प्रस्तावात मागू नका.

खाडी किंवा समुद्राजवळ जागा असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आधी बघा. २०१९ च्या अधिसूचनेत कमी दाट ग्रामीण समुद्रकिनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे. स्थानिक रहिवाशांच्या मलनिस्सारणाच्या सोयींना प्रकरण बघून परवानगी मिळू शकते, पण ती फाइल मुंबईला जाते आणि तेवढ्यात आर्थिक वर्ष उलटतं. शंभर मीटर वर सरकायची सोय असेल तर सरका.

बाकी कागद ठरलेले: ग्रामसभेचा ठराव, जिल्हा दरसूचीवर आधारलेलं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका, जिओटॅग फोटो, उपयोगिता प्रमाणपत्र. काम करता येतं ते दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत, मधे एखादी निवडणूक आली की आचारसंहिता. चिरा आणि वाळूची दरसूचीतली किंमत आणि प्रत्यक्षातली वाहतूक यांत फरक पडतो, तेवढं उपअभियंत्यांशी आधीच बोलून घ्या.

नोकरी म्हणून विचारत असाल तर मानधन तुटपुंजं असतं आणि रखडतंही. दुचाकी स्वतःची लागते. पण दोन-तीन वर्षांत तुम्हाला सातबारा, दरसूची, उतार आणि माणसं वाचता येऊ लागतात, आणि या चार गोष्टी एकत्र येणारी माणसं जिल्ह्यात थोडीच आहेत. मुलाखतीला जाताना पदवीच्या कागदांसोबत एखाद्या वाडीचा हाताने काढलेला नकाशा न्या. विहिरी, संडासाच्या टाक्या, उताराचे बाण आणि प्रत्येक विहिरीची ऑगस्टमधली पाण्याची पातळी त्यावर दाखवलेली असू द्या. आणि प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा ठरावात देखभालीचा परिच्छेद आधी लिहून घ्या: गाळ कोण काढणार, किती महिन्यांनी, त्याला पैसे कोणत्या करातून. ग्रामसेवक म्हणतील की ते नंतर बघू. त्यांना सांगा, ही ओळ आल्याशिवाय अंदाजपत्रक देत नाही.