गोळ्यांमुळे हिरड्या वाढतायत? आधी हे तपासा

आरशात समोरचे दात बघा. दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण फुगून दातावर चढत असेल, तर औषधांची यादी काढा. मुख्य संशयित तीन: फिटसाठीची फेनिटॉइन, रक्तदाबाची निफेडिपिन किंवा अॅम्लोडिपिन, आणि किडनी बदलल्यावरची सायक्लोस्पोरिन. फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना हा त्रास होतो. अॅम्लोडिपिनमुळे बराच कमी. वाढ बहुधा गोळी सुरू झाल्यावर 1 ते 3 महिन्यांत दिसू लागते.

हिरडीत कोलॅजन (तिला घट्टपणा देणारं प्रथिन) सतत बनतं आणि मोडतं. ही औषधं कोलॅजन मोडण्याचं काम मंद करतात, म्हणून ते साठत जातं. दातावरचा चिकट थर त्यात सूज घालतो. मग फुगलेल्या हिरडीखाली ब्रश पोचत नाही, थर वाढतो, हिरडी आणखी फुगते.

गोळी मनाने बंद करू नका. फेनिटॉइन अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच पर्याय विचारा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस चालेल का ते तेच ठरवतील.

सोबत डेंटिस्टकडून दात साफ करून घ्या. पुण्यात धनकवडीच्या भारती विद्यापीठासारख्या डेंटल कॉलेजात हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी 45 अंशांत धरा, फटींसाठी इंटरडेंटल ब्रश वापरा. 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशच्या 10 मिली चुळा दिवसातून दोनदा, ब्रशनंतर अर्ध्या तासाने, दोनच आठवडे. जास्त दिवस घेतल्यास दात तपकिरी होतात, चहा पिणाऱ्यांचे तर लवकरच.

औषध बदलून काही महिन्यांत वाढ ओसरली नाही, तर जादा हिरडी कापतात. तीच गोळी चालू राहिली तर वाढ परत येऊ शकते, म्हणून दर 3 महिन्यांनी तपासणी.