लांबच्या राईडसाठी सीट घेताय? मऊ बघून घेऊ नका

म्हापशाहून पुण्याला आंबोलीमार्गे बाईकने जायचं म्हणजे साडेचारशे किमीच्या आसपास होतं, आणि एवढ्या अंतरात इंजिन, टायर सगळ्याच्या आधी बोलायला लागते ती सीट. मी पहिल्यांदा गेलो त्याच्या आठवडाभर आधी एका सीटवाल्याकडून मस्त जाड मऊ फोम भरून घेतलेला, दुकानात बसून बघितलं तर अगदी सोफा, पैसेही खुशीने दिले. आजऱ्यापर्यंत पोचेपर्यंत दुखायला लागलं, कोल्हापूरला डाव्या पायाला मुंग्या, त्याच्यापुढे दर दहा मिनिटांनी फुटरेस्टवर उभा राहत गेलो. घरी परत आल्यावर कव्हरच्या स्टेपल काढून बघितलं तर फोममध्ये वाटीसारखे दोन खड्डे पडलेले आणि तिथे अंगठा दाबला की सरळ खालचं प्लास्टिक हाताला लागत होतं.

ते दोन खड्डे म्हणजे सगळी गोष्ट आहे बघा. आपण बसतो ते ढुंगणाच्या मांसावर नाही, खाली दोन हाडं असतात त्यांच्यावर. फोम मऊ असला की हाडं आत जाऊन तळाला टेकतात आणि कडेचा फोम वर येऊन मांडीच्या आतल्या बाजूला दाबतो, तिथल्या नसा दाबल्या जातात आणि रक्तही नीट फिरत नाही, म्हणून मुंग्या. फोम घट्ट असला तर पहिली दहा मिनिटं कडक वाटतं पण वजन पसरतं आणि तिसऱ्या तासालाही तसंच राहतं. म्हणून दुकानात छान वाटली म्हणून सीट घेऊ नका, खरंच सांगतो.

सीटवाल्याला फोमची डेन्सिटी विचारा, म्हणजे घनमीटरला किती किलो ते. डेन्सिटी आणि कडकपणा एकच नाही हे लक्षात ठेवा, पण हलका फोम लवकर बसतो आणि एका सीझनमध्ये चपटा होतो हे नक्की. तुकडे दाबून चिकटवलेला रीबॉन्डेड फोम खाली आणि वर पातळ मऊ थर, हे कॉम्बिनेशन मला सगळ्यात बरं वाटतं. हातात घेऊन अंगठ्याने जोरात दाबा, तळ लागला तर नको म्हणा.

रुंदी. घरी नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, पायरीवर ठेवा, त्यावर गुडघे थोडे वर घेऊन मिनिटभर बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील, त्यांच्या मधोमधचं अंतर मोजा, बहुतेकांचं दहा ते पंधरा सेंटिमीटरमध्ये येतं. सीटचा सपाट भाग त्याच्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चांगला जास्त हवा, नाहीतर हाडं उतारावर येतात. पुढे टाकीजवळ मात्र सीट अरुंदच पाहिजे, नाहीतर सिग्नलला पाय टेकत नाहीत. उंची कमी असेल तर हे आधी बघा, कारण इंचभर फोम वाढवला तरी पाय टेकायला फरक पडतो आणि हँडल तेवढंच खाली गेल्यासारखं होतं, मग मनगटं दुखायला लागतात आणि माणूस सीटला सोडून हँडलला दोष देतो.

उताराकडे कोणी लक्षच देत नाही. बऱ्याच सीट पुढे झुकलेल्या असतात. सपाट रस्त्यावर हात सैल सोडून चालवा, आपण हळूहळू टाकीकडे सरकतोय आणि तळव्यांनी स्वतःला मागे ढकलतोय असं झालं तर कितीही चांगला फोम भरा, दुखणारच. पुढच्या भागात थोडी भर घालून तो उतार काढून घ्या.

जेल पॅड वाईट नाही, दाब पसरवतो, पण एप्रिल-मेमध्ये बीचवर उन्हात बाईक लावून या आणि मग बसून बघा, जेल तापला की लवकर थंड होत नाही. घ्यायचाच तर फोमच्या आत, वरून पातळ थर असलेला घ्या. हवेची गादी चालते पण हवा अगदी कमी भरायची, फुगवली तर वळणावर अंगाखाली डोलते.

आता आपल्या गोव्यातला पाऊस. बसायच्या जागेवर शिलाई असली की जूनमध्ये पाणी टाक्यांतून आत जातं आणि फोम स्पंजसारखा पितो, वरून कोरडी दिसते आणि बसलं की पँट ओली. शिलाई बाजूला घ्यायला सांगा, कव्हरखाली प्लास्टिक घालायला सांगा. जाळीचं कव्हर उन्हाळ्यात फार बरं, घाम साचत नाही, पण पावसाळ्यात काढून ठेवा.

मागे बसणारीचं किंवा बसणाऱ्याचं पण बघा हां, त्यांना चालवणाऱ्यासारखा हातांचा भार टाकायला हँडलबार नसतो, जवळजवळ सगळं वजन सीटवरच. पिलियनची जागा सपाट आणि घट्टच हवी.

शंका असेल तर पणजीच्या कदंब बस स्टँडजवळ पिवळ्या मडगार्डवाले पायलट, म्हणजे बाईक-टॅक्सीवाले असतात त्यांना विचारा, दिवसभर तीच सीट. मी दोघातिघांशी बोललो, सगळ्यांचं म्हणणं एकच, मऊ नको.

ट्रायल घ्यायला चोर्ल्याला जाऊ नका. घाटात वळणावळणाला अंग हलतं, वजन इकडचं तिकडे होतं, त्यामुळे वाईट सीटसुद्धा चांगली वाटते. सीट उघडी पडते सरळ रस्त्यावर. म्हापशाहून पत्रादेवी ओलांडून हायवे ६६ ने कुडाळपर्यंत जाऊन या, जाऊन-येऊन शंभरेक किमी, मध्ये उभं राहायचं नाही.

आणि कंपनीची मूळ सीट कापायला देऊ नका, जुना पॅन, म्हणजे सीटचा खालचा कडक तळ मिळतो तो घेऊन त्यावर बनवा, लॉक आणि खालचे रबर नीट बसतात का ते तिथेच बघून. सीटवाल्याला सांगा कव्हर लगेच ठोकू नको, फोम नुसता टेपने गुंडाळून दे. तसाच अर्धा तास फिरून या, जिथे टोचतं तिथे पेनाने खूण करा आणि परत जाऊन तेवढाच भाग ग्राइंडरने घासून घ्या. दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील, चांगला कारागीर कंटाळत नाही.