कॉफीत तूप घालताय? मग या चुका टाळा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या चौघीजणी लो-कार्ब करतायत, म्हणजे साखर-धान्य कमी आणि तूप-लोणी जास्त; त्यात सकाळी तूप घातलेली कॉफीही आली. दर आठवड्याला त्यांतली एक तरी मला जिन्यात गाठते. "अगं, ती तुपाची कॉफी मला काही सोसत नाही." मी विचारते, तूप किती घातलंस? उत्तर ठरलेलं: दोन चमचे. आणि चमचा कुठला? पोह्याचा!

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. पहिल्याच दिवशी, रिकाम्या पोटी, दोन पोह्याचे चमचे. माझ्या धाकट्या दिराने तर याच्यावर कडी केली. त्याने ऑनलाइन एमसीटी तेलाची (खोबरेलासारख्या तेलातून वेगळं काढलेल्या तेलाची) बाटली मागवली आणि रविवारी पहाटे सिंहगडाला निघताना दोन चमचे तेल, वर एक चमचा तूप असं कॉफीत घालून उभ्याउभ्या प्यायला. मी म्हटलं, अरे आज अर्धा चहाचा चमचाच घे. तर म्हणे, "वहिनी, तुम्ही उगाच घाबरवता." आतकरवाडीला गाडी लावेपर्यंत स्वारी मजेत होती. पाऊण वाट चढल्यावर पोटात मुरडा आला. पुढचं मी लिहीत नाही, पण गडावर मित्र पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खात असताना हा पुणे दरवाज्याजवळ दगडावर पोट धरून बसला होता.

यात तेलाचा दोष नाही. एमसीटीतली स्निग्धाम्लं मध्यम लांबीच्या साखळीची असतात आणि पोटात ती झटपट सुटी होतात. एकदम जास्त गेली की आतड्यात पाणी खेचलं जातं आणि मग धावपळ. पहिला आठवडा अर्धा चहाचा चमचा, तोही काहीतरी खाल्ल्यावर. सोसलं तर पुढच्या आठवड्यात एक. एवढाही धीर नसेल तर काळी कॉफी प्या, ती काही वाईट नसते. मी स्वतः एमसीटी कधीच सोडून दिलं. घरचं तूप असताना त्या बाटलीला इतके पैसे कशाला मोजायचे?

"खोबरेल म्हणजेच एमसीटी," असं लाकडी घाण्याच्या दुकानात छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. ज्या दोन आम्लांसाठी एमसीटीची बाटली विकली जाते, ती दोन्ही मिळून त्यात जेमतेम पंधरा टक्के. चव आवडत असेल तर खुशाल घाला. आणि डिसेंबरात बाटलीत तेल थिजलं म्हणून भेसळीची शंका घेऊ नका, खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतंच.

आता मिक्सर. ही चूक माझी स्वतःची. उकळती कॉफी आणि तूप चटणीच्या भांड्यात घातलं, झाकण घट्ट लावलं, बटण फिरवलं. आत वाफ कोंडली आणि दुसऱ्याच सेकंदाला झाकण उडालं. कॉफी छतावर, दिनदर्शिकेवर आणि माझ्या मनगटावर. आदल्या दिवशीच्या लसणाच्या चटणीचा वास त्या कॉफीला होता तो वेगळाच. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "कॉफीत तूप? तू काय बाळंतीण आहेस का?" गरम द्रव बंद भांड्यात फिरवायचा नाही, एवढं लिहून ठेवा. मी उंच स्टीलच्या पेल्यात ताकाची छोटी रवी घुसळते, अर्धा मिनिट पुरतं. तुळशीबागेत अशी रवी सहज मिळते.

नुसतं चमच्याने ढवळलंत तर तूप वर तरंगणार आणि पहिल्या घोटालाच ओठ तेलकट. लोणी त्यामानाने बरं मिसळतं, कारण त्यात दुधातली प्रथिनं थोडी उरलेली असतात आणि ती स्निग्धाचे थेंब धरून ठेवतात. तूप कढवताना ती बेरी होऊन गाळणीत जातात. म्हणून मी तुपाबरोबर चमचाभर साय घालते. शास्त्रोक्त आहे की नाही माहीत नाही, फेस मात्र छान येतो.

किरकोळ चुका भराभर सांगते. केकच्या सामानाच्या दुकानातलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम हे क्रीम नव्हे, त्यात वनस्पती तेल आणि साखर असते. डेअरी व्हाइटनरच्या पाकिटावर घटक वाचा, तिथेही बहुधा साखर सापडेल. पिवळं बटर खारट असतं. गूळ "चालत" नाही, कितीही सेंद्रिय असला तरी. आणि वैशाली हॉटेलातली फिल्टर कॉफी मलाही आवडते, पण त्यात दूध-साखर आहे, ती लो-कार्बमध्ये धरू नका.

शेवटची चूक बोलले की लोक रागावतात. तुपाची कॉफी प्यायची आणि तासाभराने पोहेही खायचे. एक टेबलस्पून तूप म्हणजे सुमारे 120 कॅलरी. ही कॉफी जगभर नेणारा डेव्ह अ‍ॅस्प्री सांगतो की 2004 साली तिबेटात याकच्या लोण्याचा चहा पिऊन त्याला ती सुचली. तिथे थंडीत डोंगर चढायचे असतात. आपण हिंजवडीत एसीत बसणार. कॉफी न्याहारीऐवजी असेल तर ठीक, पण तिच्यात प्रथिनं नसतात, तेव्हा दुपारी अंडी-पनीर नीट खा. आणि तूप घातलेल्या कॉफीने उपास मोडत नाही असंही समजू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, पित्ताशय काढलेलं असेल किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मला जिन्यात नको.

हो, आणि उरलेली कॉफी बेसिनमध्ये ओतू नका. तूप पाइपात थिजतं. गेल्या जानेवारीत प्लंबरने पाइप उघडून मला विचारलं, "ताई, इथे लाडू वळले होते का?"