शिकारीत कान कसे जपावेत: बार निघण्याआधीची तयारी

नेमबाजीच्या रेंजवर इअरमफ (दोन्ही कान झाकणारे कप) चढवल्याशिवाय बंदुकीला हात न लावणारी माणसे शिकारीला मात्र उघड्या कानांनी बसतात. पाचोळ्यावर पडलेले खूर ऐकू आले नाहीत तर शिकार कसली, आणि दिवसभरात निघणार तरी किती बार? अडचण खरी आहे. पण तो एखादा बारही कानाला पुरतो. म्हणून साधन घेताना एकच पाहायचे: ते दिवसभर कानावर राहील का? ‘सावज दिसले की चढवू’ म्हणून गळ्यात अडकवलेला मफ गळ्यातच राहतो, कारण त्या क्षणी दोन्ही हात बंदुकीवर असतात.

आपल्या बंदुकीचा आवाज ओळखा

अचानक होणाऱ्या स्फोटक आवाजासाठी मोठ्यांच्या कानाची मर्यादा १४० डेसिबल धरतात, लहान मुलांसाठी १२०. पॉइंट टू-टू बोअरची छोटी रायफलसुद्धा १४०च्या आसपास जाते. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफली आणि पिस्तुले १७०च्याही पुढे. कानातला एक बारीक स्नायू मोठ्या आवाजाला आखडून आतल्या भागाला थोडे जपतो खरा, पण त्याला आखडायला काही शतांश सेकंद लागतात. बाराचा तडाखा त्याच्या आधीच आत पोचलेला असतो. तिथल्या केसांसारख्या संवेदक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

बंदुकीची नळी आखूड असेल तर आवाज कानाच्या जवळ येतो. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू वळवणारा छिद्रांचा तुकडा) असेल तर धक्का कमी होतो, पण वायू बाजूला आणि मागे फेकला जात असल्याने बंदूक धरणाऱ्याला आणि शेजाऱ्याला आवाज जास्त बसतो. शिकारीच्या बंदुकीवर ब्रेक नसलेलाच बरा.

साधन निवडा

मचाणावर किंवा आडोशाला बसून वाट पाहायची असेल तर इलेक्ट्रॉनिक इअरमफ सर्वांत सोयीचा. त्याचे माइक हलके आवाज वाढवून कानात सोडतात आणि साधारण ८२ ते ८५ डेसिबलच्या वरचा आवाज स्वतःतून आत सोडत नाहीत. दोन्ही कपांना स्वतंत्र माइक असलेलाच घ्या, नाहीतर सळसळ डावीकडून आली की उजवीकडून हे कळत नाही. बंदुकीच्या दस्त्याच्या बाजूने कप सपाट हवेत.

दिवसभर चालायचे असेल तर मफखाली घाम धरतो आणि मग मफ निघतोच. तिथे कानाच्या आत बसणारे इलेक्ट्रॉनिक प्लग किंवा बारीक छिद्राचे प्लग बरे. छिद्राच्या प्लगमधून हलका आवाज जातो आणि बाराचा दाब अडतो, पण मोठ्या रायफलीला ते एकटे पुरतील असे धरू नका.

अशा रायफलीला दुहेरी संरक्षण घ्या: आत फोमचे प्लग, वर इलेक्ट्रॉनिक मफ, आवाज थोडा वाढवलेला. दोन्हींचे आकडे बेरजेने वाढत नाहीत. जास्त रेटिंग असलेल्यात साधारण ५ डेसिबलचीच भर पडते. पाकिटावरचा एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने उतरतो हे सांगणारा आकडाही प्रयोगशाळेतला असतो. कारखान्यातल्या गोंगाटासाठी त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे करण्याचा ठोकताळा आहे. त्याने ३० चे जेमतेम साडेअकरा उरतात. बाराला तो हिशेब तंतोतंत लागू होत नसला तरी लेबलवर किती विसंबायचे ते त्यावरून कळते. कापसाचा बोळा या हिशेबात येतच नाही. रिकामी काडतुसे कानात खुपसणे तर निव्वळ वेडेपणा.

फोमचा प्लग असा बसवा

बहुतेकांचे इथेच बिघडते.

१. हात स्वच्छ आणि कोरडे करा. प्लग बोटांत फिरवत पातळ, सुरकुती नसलेली कांडी करा. नुसता चिमटीत दाबला तर त्याला घडी पडते आणि त्या घडीतून आवाज आत जातो.

२. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा. कानाची नळी वळणदार असते, ती अशी सरळ होते.

३. कांडी लगेच आत सरकवा आणि बोटाने २० ते ३० सेकंद धरून ठेवा. थंडीत फोम सावकाश फुगतो, आणखी थोडा वेळ द्या.

४. तळहात दोन्ही कानांवर घट्ट दाबून सोडा. आजूबाजूच्या आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही. काढून पहिल्यापासून करा. स्वतःचे बोलणे पिंपात घुमल्यासारखे वाटले तर ठीक.

प्लग काढताना हळूहळू पिळत काढा.

मफ असा बसवा

केस, टोपीची कड आणि चष्म्याची काडी या तीन गोष्टी कपाच्या गादीखाली फट पाडतात. टोपी मफच्या वर घाला किंवा तिची कड कपाच्या वर दुमडा. चष्म्याला पातळ, चपटी काडी हवी. जाड असेल तर मफखाली प्लग घालाच. मग रिकामी बंदूक, ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, खांद्याला लावून पाहा. गाल दस्त्यावर टेकताच कप उचलला जात असेल तर ऐन बाराच्या वेळीही तो उचलला जाणार.

आवाजाची खुंटी आपलीच पावले नेहमीसारखी ऐकू येतील इतकीच फिरवा. त्यापुढे गेलात तर वारा माइकवर घोंगावतो आणि वैतागून माणूस एक कप वर करतो. सेल संपल्यावरही तेच होते. कपांचे संरक्षण शाबूत असते, पण काही ऐकू येत नाही म्हणून कान उघडा पडतो. जादा सेल खिशात ठेवा.

जागा आणि सोबती

नळीच्या तोंडाच्या बाजूला किंवा किंचित पुढे उभ्या असलेल्या माणसाला बार मारणाऱ्यापेक्षा मोठा ऐकू येतो. सोबत्यांनी मागे राहावे आणि कान झाकावेत. कुत्र्यालाही मागेच ठेवा. बार काढण्याआधी खांद्यावर दोनदा थोपटणे, अशी एखादी खूण ठरवून घ्या. झाकलेल्या आडोशातून मारताना नळीचे तोंड खिडकीबाहेर असू द्या. आत राहिले तर भिंती आणि छत तोच आवाज परतवून कानावर आणतात. कायद्याने परवानगी असेल तिथे सायलेन्सर लावला तर आवाज २० ते ३० डेसिबलने उतरतो, पण आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका राहतोच. कान तेव्हाही झाकलेले हवेत.

बारानंतर

कानात शिट्टी वाजू लागली किंवा कापूस भरल्यासारखे झाले तर त्या दिवशी बंदूक ठेवून द्या. दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उपचार लवकर सुरू झाले तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता असते.

हंगामाआधी एकदा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढून घ्या आणि पुढे दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहा. बंदुकीची इजा आलेखात ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान खड्ड्यासारखी दिसते. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यांचा बहुधा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याची आड मिळते. रोजच्या जगण्यात याची चाहूल वेगळीच लागते: यंदा रातकिडे कमी झालेत असे वाटते, ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गल्लत होऊ लागते.

साधनांची देखभाल थोडीच आहे. दाबल्यावर पुन्हा न फुगणारा प्लग फेकून द्या, मफच्या गाद्या कडक झाल्या किंवा चिरल्या की बदला. हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच गळतात आणि पुढच्या वर्षी मफ सुरूच होत नाही.