रुंद टायर घेताय? आधी उंची काढा, मग खडू फासा

छोट्या गाडीला रुंद टायर आणि अलॉय व्हील बसवले, की बरेचदा स्पीडोमीटर चुकतो आणि भरल्या गाडीत कसारा घाटाच्या वळणावर टायर आत घासायला लागतो. दुकानात "बसतंय" म्हणाले तरी हे दोन्ही स्वतः तपासा.

1. टायरची उंची काढा. टायरच्या बाजूला 165/80 आर14 असं माप लिहिलेलं असतं: पहिला आकडा मिमीत रुंदी, शेवटचा रिमचे इंच. रुंदीला दुसऱ्या आकड्याने गुणा, 100 ने भागा, दुप्पट करा. त्यात रिमचे इंच गुणिले 25.4 मिळवा. मूळ टायर 165/80 आर14 असेल, तर उंची येते साधारण 620 मिमी. 185/65 आर15 ची 621.5, म्हणजे फरक नगण्य. 195/65 आर15 मात्र 634 च्या पुढे जातो, आणि मीटर पूर्वीपेक्षा सव्वादोन टक्क्यांहून जास्त मागे दाखवतो. माझ्या मते फरक 2 टक्क्यांच्या आतच असावा.

2. पैसे चुकते करण्याआधी पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना खडू फासा. मागे तिघांना बसवा. स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्हीकडे फिरवा, मग गतिरोधकावरून सावकाश न्या. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या कॉलनीत ते हवे तेवढे मिळतात. आता मडगार्डमध्ये बॅटरी मारा. आतल्या काळ्या प्लास्टिकवर पांढरा ओरखडा दिसला, तर ते माप किंवा त्या रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) तुमच्या गाडीचा नाही.

एक जपा: मापाच्या शेजारचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. 85 म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 515 किलो.