जुनं व्हिडिओ गेमचं मशीन: आधी करंट, मग रंग

पार्लरमधलं जुनं मशीन घरी आलं की हात आधी रंगाकडे जातो. तो आवरा. सुरुवात पिक्चर ट्यूबपासून.

प्लग काढलेला असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज उरलेला असू शकतो. वायरीचं एक टोक ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या अर्थ-तारेला क्लिपनं लावा, दुसरं जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला. पातं ट्यूबवरच्या जाड वायरीच्या रबरी टोपीखाली सरकवा, दुसरा हात स्वतःच्या पाठीमागे. दहा मिनिटांनी पुन्हा तेच, कारण चार्ज थोडा परत जमतो. अर्थ मॉनिटरच्या बोर्डावर घेतलात तर आयसी उडतील. यातलं काहीच आधी केलं नसेल, तर टीव्ही मेकॅनिकला बोलवा.

मग ब्लोअर. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी राहिलेल्या मशीनमध्ये सुताचे तंतू आणि धूळ यांचा थर बसतो. पावसाळ्यात तो ओल धरतो.

आता सप्लाय, म्हणजे बोर्डाला वीज देणारा डबा. गेमचा बोर्ड काढूनच ठेवा. ११५/२३० चा खटका २३० वर आहे ना, बघा. काही सप्लाय रिकामे, म्हणजे लोडशिवाय, नीट चालत नाहीत, म्हणून +५ व्होल्टच्या लाइनवर ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून +५, +१२ आणि −५ मोजा. बोर्ड लावल्यावर +५ पुन्हा बोर्डाच्याच कडेला मोजा. सप्लायवर ५.० आणि बोर्डावर ४.७ दिसत असतील तर मधली वायर किंवा कनेक्टर व्होल्टेज खातोय. ‘बोर्ड गेला’ म्हणून टाकून दिलेल्या कित्येक बोर्डांचा आजार एवढाच असतो. पिना खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. १९८५ पासूनच्या जामा (गेमचा बोर्ड मशीनला जोडायची ठरलेली पद्धत) कनेक्टरला ५६ पिना असतात. सातव्या पिनेजागची खूणपट्टी नसेल तर बसवा, उलटा लागला की बोर्ड जळू शकतो. बोर्डावर निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरली असेल तर ती काढा, हिरवट डाग व्हिनेगरनं पुसून मग अल्कोहोल फिरवा.

पडद्यावर नुसती आडवी रेघ आली तर व्हर्टिकल आयसीपाशी (चित्र वर-खाली पसरवणारी) ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला टाका, शोधा. चित्र कडेला लाटांसारखं हलतंय तर मुख्य फिल्टर कंडेन्सर. बदलताना १०५ डिग्रीचेच घ्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बंद डब्यात ८५ डिग्रीवाले लवकर सुकतात. पुष्कळ जुन्या मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मॉनिटरला घरच्या लाइनपासून वेगळं ठेवणारा) लागतो, तो वगळून थेट जोडणी करू नका.

अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. नळाला पाणी आलं त्या दिवशी दोन बादल्या त्यातही जाऊ द्या.

लाकडाचं काम सोपं. तळाची फुगलेली पट्टी कापून १८ मिमी मरीन प्लायची नवी लावा आणि खाली रबरी पाय ठोका. फरशी पुसताना पाणी तिथंच मुरतं.

बटणांचे मायक्रोस्विच स्वस्त असतात, सगळेच बदला. वायर ‘कॉमन’ आणि ‘एनओ’ला (एरवी उघडा); ‘एनसी’ला (एरवी बंद) लागली तर गेम सुरू होताच बटण दाबलेलंच राहतं.